मीटर टाका!

आमच्या भाईंदरच्या खारीत टॅक्सीला हात करायची कुणाला सवय नाही. भाईंदरला पूर्वेला उतरायचं, जिन्याखाली शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, मागे तिघं बसले की रिक्षा सुटते. सीटमागे भाडं ठरलेलं, ते रांगेतल्या शाळकरी पोरालाही पाठ. उतरताना पैसे पुढे करायचे, बोलायचं काही नाही. त्यामुळे इथे पंचवीस वर्षं राहूनही काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की मी मुंबईत पाहुणाच. खरं तर आम्ही मुंबईचे नव्हेच. दहिसरला मुंबई संपते, मग मीरा रोड, मग आम्ही, जिल्हा ठाणे. गावच्या लोकांना मात्र हे पटत नाही. त्यांच्या लेखी विरारपर्यंत सगळी मुंबईच.

मे महिन्यात मिरजेहून मामा आले. सोबत हळद, भडंग आणि गिरगावातल्या एका जुन्या स्नेह्यांचा पत्ता. मामांचे गुडघे दुखतात, एका दिवसात दोनदा रेल्वेचा पूल चढणं त्यांच्यानं होणार नव्हतं. म्हणून ठरवलं, की जलद लोकलनं दादरपर्यंत जायचं आणि पुढे टॅक्सी करायची. दादर टीटीला टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरनं बटण दाबलं, लाल आकडे उजळले, ३१. मामांनी पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे त्या आकड्यांवर रोवले ते रोवलेच. हिंदमाता मागे पडलं, तरी ३१. सिग्नल लागला, सुटला, ३१.

मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आरं, ह्येचा मीटर बंद पडलाय न्हवं? उतरताना मनाला येईल ते मागंल बघ."

तेवढ्यात परळच्या आसपास आकडा हलला. ३२. मग ३३. मामांना हायसं वाटलं आणि लगेच दुसरी काळजी लागली, की आता हा थांबतो की नाही.

त्या दिवसापासून मी त्या मीटरच्या डबीच्या नादी लागलो. आणि जसजसं वाचत, विचारत गेलो, तसतसं वाटायला लागलं, की टॅक्सीत खरी बघण्यासारखी गोष्ट खिडकीबाहेर नसतेच, ती डॅशबोर्डवर असते.

आधी ३१ चं कोडं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, आणि ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी. त्यापुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. आता एक गंमत करा. २०.६६ ला दीडनं गुणा. ३०.९९ येतात. म्हणजे सुरुवातीचे ३१ रुपये ही वेगळी बसण्याची फी वगैरे नाही. पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं तुमच्याकडून आधीच धरून ठेवलंय, एवढंच. तेवढं अंतर कापून होईपर्यंत आकडा हलणार कशाला? मीटर बंद नव्हता, मामांनी आगाऊ दिलेले पैसे वसूल होत होते. रिक्षाचंही असंच: दर किलोमीटरला १७.१४, दीड किलोमीटरचे २५.७१, म्हणून किमान भाडं २६.

याचा पाहुण्याला फार मोठा फायदा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. दीड किलोमीटरच्या पुढे गेलात, की मुंबईच्या टॅक्सीचा हिशेब म्हणजे साधा पाढा. किलोमीटर गुणिले एकवीस, बस. दादर टीटी ते गिरगाव साधारण आठ किलोमीटर, म्हणजे १६५ च्या आसपास, वर सिग्नलला थांबल्याचे थोडे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात याच्यावर पाव हिस्सा चढवायचा. शहर ओळखीचं नसेना, रस्ता कुठून कुठे जातो याचा पत्ता नसेना, पाढा येत असला की पुरे.

पण हा किलोमीटर मोजतो कोण? रस्त्यावर तर कुणी फूटपट्टी घेऊन धावत नाही. मोजतं ते चाक. लहान टॅक्सीच्या चाकाचा घेर साधारण पावणेदोन मीटर असतो. चाक एकदा पूर्ण फिरलं, की गाडी पावणेदोन मीटर पुढे. गाडीतला सेन्सर हे फेरे विजेच्या स्पंदनांच्या रूपात मीटरकडे पाठवतो, आणि किती स्पंदनं म्हणजे एक किलोमीटर, हे मीटरला आधी शिकवून ठेवलेलं असतं. एका किलोमीटरला साधारण ५७० फेरे. एका रुपयात गाडी ४८ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सुमारे २८ फेरे. अठ्ठावीस फेरे झाले, रुपया पडला. पुन्हा अठ्ठावीस, पुन्हा रुपया. लालबागच्या पुलावरून मसाल्याचा वास घेत तुम्ही सुखानं चाललेले असता, आणि खाली चाक तुमच्या नावानं माळ ओढत असतं.

इथे एक बारीक मेख आहे. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो. घेर कमी, म्हणून तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त, आणि फेरे जास्त म्हणजे भाडं जास्त. पाच-सहा मिलिमीटर रबर झिजलं तर फरक दोनेक टक्क्यांचा. दोनशे रुपयांत चार रुपये. ड्रायव्हरनं काही केलेलं नसतं, त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसतं. रस्त्यानं टायर खाल्ला आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले, असं म्हणा हवं तर. "मीटर फास्ट आहे" ही तक्रार दरवेळी लबाडीचीच असते असं नाही, हे मला या टायरनं शिकवलं.

म्हणून तर मीटरला सील असतं. तारेत ओवलेलं ते इवलंसं सील बहुतेकांच्या नजरेलाही पडत नाही. भाजीवाल्याचा काटा, पेट्रोल पंपाचं माप आणि टॅक्सीचा मीटर, कायद्याच्या दृष्टीनं ही एकाच घरातली भावंडं. तिघांची तपासणी वैध मापन शास्त्राच्या कायद्याखाली होते. टॅक्सीचा मीटर म्हणजे तराजूच, फरक इतकाच की तो अंतर तोलतो. सरकारनं भाडं वाढवलं की हजारो मीटरांत नवा दर भरावा लागतो, पुन्हा तपासणी, पुन्हा सील. ते होईपर्यंत ड्रायव्हर छापील दरपत्रक दाखवतो.

लालबागच्या पुलावरून खाली उतरल्यावर पुढे गाड्या खोळंबल्या. आम्ही जागच्या जागी. आणि मीटर मात्र एक रुपयानं वाढला. मामा उसळले, "गाडी हालंना, आकडा हालतोय!"

याचं उत्तर मला जुन्या यांत्रिक मीटरात सापडलं, आणि ते इतकं देखणं आहे की इथे थोडं रेंगाळतो. थांबलेल्या गाडीत ड्रायव्हरचा वेळ जातो, त्याचे पैसे मिळायला हवेत. पण मिनिटं आणि मीटर यांची बेरीज एका डबीत करायची कशी? जुन्या कारागिरांनी मीटरच्या पोटात दोन चालक बसवले. एक केबल, गिअरबॉक्सकडून येणारी, चाकाबरोबर फिरणारी. दुसरं किल्लीचं घड्याळ. दोघांनी मिळून एकच आकड्यांचा ड्रम फिरवायचा, पण मध्ये खटक्याची चाकं, जी एकाच दिशेनं पकडतात. जात्याच्या खुंट्याला दोघींनी हात लावला तर जिचा हात जोरात, तिच्याच ओढीनं जातं फिरतं, दुसरीचा हात नुसता सोबत फिरतो. तसंच हे. गाडी वेगात असली की केबल जिंकते, ड्रम अंतराप्रमाणे फिरतो. गाडी रांगायला लागली की घड्याळ जिंकतं, ड्रम वेळेप्रमाणे फिरतो. कोणी कधी जिंकायचं हे कुणीच ठरवत नाही, दोघांच्या चालीतूनच ते ठरतं. ना वीज, ना संगणक. आता घड्याळाच्या जागी चिप आली, पण थांबण्याचा वेळ मोजायची रीत तीच.

हे यंत्र जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रून यानं १८९१ मध्ये बनवलं. आणि इथे तो धक्का, जो मला आजवर पचलेला नाही: टॅक्सी हा शब्द गाडीचा नाहीच, तो मीटरचा आहे. 'टॅक्सा' म्हणजे आकारणी, कर. आकारणी मोजणारं यंत्र ते टॅक्सीमीटर. ते ज्या गाडीत बसवलं ती टॅक्सीमीटरची गाडी, आणि लोकांच्या तोंडी तोडून-मोडून टॅक्सी. मीटर आधी, मोटर नंतर. सुरुवातीला तर तो घोडागाड्यांनाही बसवत. मीटर लावलेली पहिली मोटरगाडी डाइमलरच्या कारखान्यातून १८९७ मध्ये बाहेर पडली, श्टुटगार्टच्या एका घोडागाडीवाल्यासाठी. म्हणजे मीटर टाकायला नकार देणारा टॅक्सीवाला व्युत्पत्तीच्या दृष्टीनंही टॅक्सीवाला राहत नाही!

कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस यानं दोन हजार वर्षांपूर्वी अशी गाडी लिहून ठेवली आहे. चाकाचा घेर साडेबारा फूट, ४०० दात्यांचं उभं चक्र. चाक चारशे वेळा फिरलं की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल झाला, आणि वरच्या डब्यातून एक खडा टप्पदिशी खालच्या भांड्यात पडायचा. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजा, तेवढे मैल. चीनमध्ये अशाच गाडीवर लाकडी बाहुला बसवलेला असे, तो ठरावीक अंतर झालं की ढोल वाजवी. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खडा बरा. खडा दिसतो तरी."

मुंबईत मोटर टॅक्सी धावायला लागली ती १९११ च्या सुमारास, घोड्यांच्या व्हिक्टोरियांच्या बरोबरीनं. मग फियाट आली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, तिथे १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ मध्ये तिला मिळालेलं नाव, प्रीमियर पद्मिनी. पण ड्रायव्हर लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे सलग बाकडं, छताला फुलाफुलांचं रेक्झिन. आणि मीटर बाहेर, डाव्या बाजूला बॉनेटवर. ड्रायव्हर बाकड्यावरून आडवा होऊन डाव्या खिडकीतून हात बाहेर काढी आणि तो पत्र्याचा झेंडा खाली पाडी. टिंग! मीटर डाऊन. झेंडा वर म्हणजे गाडी रिकामी, हे फुटपाथवरच्या माणसाला लांबूनच दिसे.

त्या जुन्या मीटरनं पाहुण्यांना जेवढं छळलं तेवढं मुंबईच्या पावसानंही नसेल. कारण त्यावरचा आकडा म्हणजे भाडं नव्हतं. किमान भाडं १६ रुपये असो की १७, ड्रमवर मात्र १.०० च. पितळी दाते एकदा कापले की कापले, दर वाढला म्हणून कारखान्यात नेऊन कोण बदलणार? म्हणून दरपत्रक. मीटरवर ४.२० असेल तर पत्रकात ४.२० च्या पुढे छापलेलं असेल ते भाडं. मुंबईकर मनातल्या मनात गुणाकार करून मोकळा होई. गावाकडचा माणूस आधी खूश होई, की वा, सव्वाचार रुपयांत बोरीबंदर! आणि मग पत्रक बघून घाम पुसे. २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे होत गेले आणि हा गुणाकार संपला. पद्मिनीचं उत्पादनही २००१ च्या आसपास थांबलं होतं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. रंग मात्र राहिले, काळा-पिवळा.

भायखळ्याच्या पुढे मामांनी ड्रायव्हरला पत्ता सांगितला तो कागदावरचा, चौकाच्या नव्या सरकारी नावासकट. ड्रायव्हर जौनपूरचा, तीस वर्षं मुंबईत. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ऑपेरा हाऊसच्या पुढे." "मग असं सांगा ना," तो म्हणाला, चक्क मराठीत.

ड्रायव्हरच्या डोक्यातला नकाशा, हे दुसरं यंत्र, आणि ते कुठल्याच डबीत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना १८६५ पासून 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करायचे. २००० साली मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी त्या ड्रायव्हरांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा दिशांची आठवण सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा निघाला. मुंबईच्या ड्रायव्हरांचे स्कॅन कुणी काढले असते, तर त्यात रस्त्यांऐवजी गेलेल्या वस्तूंची नावं सापडली असती, असं मला वाटतं. आम्ही टॅक्सी पकडली ते दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. साठ वर्षं झाली, रूळ गेले, ट्राम पाहिलेली माणसंही थोडी उरली, पण टॅक्सीवाला आजही तुम्हाला ट्राम टर्मिनसलाच सोडतो. व्हीटी स्टेशनाचं नाव १९९६ मध्ये बदललं, २०१७ मध्ये पुन्हा बदललं. मागच्या सीटवरून आजही व्हीटीच ऐकू येतं. सात रस्ता, तीन बत्ती, पायधुनी ही टॅक्सीच्या भाषेतली खरी नावं. पाहुण्यानं पाटीवरचं नाव पाठ करून येऊ नये. ज्यांच्याकडे जायचं त्यांना विचारावं, "टॅक्सीवाल्याला काय सांगू?" आमच्या खारीचंही तेच. सोसायटीचं इंग्रजी नाव सांगाल तर रिक्षावाला मान हलवेल. खारी गाव म्हणा, बरोबर आणून सोडेल. नावातला खार मला भाईंदरच्या मिठागरांची आठवण करून देतो, आजूबाजूला आता टॉवर असले तरी.

गिरगावात मीटर १८४ वर थांबला. माझ्या पाढ्यापेक्षा एकोणीस रुपये जास्त, ते लालबाग आणि भायखळ्याच्या खोळंब्याचे. मामांनी दोनशेची नोट दिली, सोळा रुपये मोजून परत घेतले.

संध्याकाळी मामा थकले होते. म्हणाले, "टॅक्सीनंच खारीला जाऊया की." मी पाढा म्हटला: ४५ किलोमीटर धरले तर सव्वानऊशेच्या पुढे, गर्दीचे वेगळे. तरी विचारून बघितलं. पहिल्यानं मान हलवली, दुसऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, पण राग काही आला नाही, कारण इथेच या सुंदर यंत्राचं आंधळेपण आहे. मीटर फक्त जातानाचे फेरे मोजतो. भाईंदरहून गिरगावला रिकामी गाडी परत आणायची, त्या फेऱ्यांचा रुपया कुणाच्या खिशातून पडणार? न्यूयॉर्कनं यावर तोडगा काढला आहे. शहराची हद्द ओलांडून शेजारच्या नासाऊ किंवा वेस्टचेस्टर परगण्यात गेलात, की हद्दीपुढे दुप्पट मीटर. आपल्याकडे तसं नाही, म्हणून दहिसरचं नाव काढलं की ड्रायव्हर खिडकीबाहेर बघतो. ॲपवाली गाडी मिळते, पण तिथे भाडं ठरतं ते मागणीवर. त्याच अंतराचं भाडं दुपारी एक आणि सायंकाळी दुसरंच. चाक तेवढेच फेरे घेतं, आकडा मात्र वेगळा. मला तो तराजू वाटत नाही, तो लिलाव वाटतो.

आम्ही चर्नी रोडहून लोकलनंच आलो. मामांना खिडकी मिळाली.

तेव्हा मुंबईत पाहुणे म्हणून येणार असाल तर एवढं करा. रिक्षा फक्त उपनगरात मिळेल. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला तिला बंदी आहे, तिथे टॅक्सीच. विमानतळावर किंवा मोठ्या टर्मिनसवर उतरलात तर प्रीपेडची खिडकी शोधा. रस्त्यात टॅक्सी केलीत तर बसल्या बसल्या म्हणा, "मीटर टाका," आणि सुरुवातीचा आकडा ३१ आहे ना, तेवढं बघून घ्या. पुढचा दीड किलोमीटर तो हलणार नाही. घाबरू नका. आणि सुट्टे जवळ ठेवा.